आईला सांगितलेला ड्रोन

माझ्या आईनं जन्मात एकाच माणसावर डोळे झाकून भरवसा ठेवला. माझ्यावर. त्या भरवशाची मी माती केली. नांदेडच्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई मी. लाज वाटायला पाहिजे, आणि वाटतेच.

आई रेणापूरजवळ शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरातच, राहायची. पत्र्याच्या दोन खोल्या, एक म्हैस आणि ती. वडील गेल्यावर लातूरचा धाकटा भाऊ तिला न्यायला आला, तर म्हणाली, "मी काय देव्हाऱ्यातला देव हाय व्हय, उचलून दुसरीकडं मांडायला?" तो हात हलवत परत गेला.

सुट्टीत मी गेले की जेवणं उरकून आम्ही अंगणात बाजेवर पडायचो. वर बोट करून ती विचारायची, "हे काय पळायलंय गं?" मी सांगायचे. लाल-हिरवं लुकलुकतं ते विमान. न लुकलुकता गुमान सरकतो तो उपग्रह. मध्येच विझला तर समजायचं, पृथ्वीच्या सावलीत गेला. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या शेतातल्या बायांना हेच सगळं ठसक्यात ऐकवायची, "माझी लेक मास्तरीण हाय, तिनं सांगितलंय!"

मग एका पावसाळ्यात ड्रोनची आवई उठली. म्हणे चोर आभाळातून घरं हेरतात आणि मागाहून येतात. गावोगाव पोरं काठ्या घेऊन गस्त घालायला लागली. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ, आणि त्यात काय, तर काळ्यावर एक ठिपका! मी वर्गात पोरांना हसून समजावत होते.

त्याच दिवसांत भावाचा फोन आला. "अक्का, आईनं तुला विचारलं तर ड्रोनच हाय म्हण, म्हंजे तरी लातूरला येईल. माझं ती ऐकंना. एकटी बाई, साप-किरडू, उद्या काही झालं तर लोकं माझ्या तोंडात शेण घालतील." मी त्याला झापायला पाहिजे होतं. पण खरं सांगते, सोय माझीही होती. आईला फोन लागला नाही की माझा जीव टांगणीला लागायचा, आणि रजा काढून धावावं लागायचं. "बघू" म्हणून मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी, दिवस मावळल्यावर थोड्याच वेळात, आईचा फोन. दिव्यांची लांबच लांब माळ आभाळातून सरळ निघून गेली म्हणे. "लोकं ड्रोन म्हणायलेत. तू सांग. तू म्हणशील ते खरं."

तिचं वर्णन ऐकूनच मला कळलं. नुकतेच वर सोडलेले उपग्रह, एकामागं एक चाललेले. चार शब्दांत सांगून झालं असतं.

"आई, ड्रोनच हायत," मी म्हणाले. "तू लातूरला जा."

ती "बरं" म्हणाली.

म्हैस शेजारणीला देऊन ती निघाली. दोन महिन्यांत भावानं खोल्या पाडल्या, रानात चुन्याच्या रेघा मारल्या, प्लॉट पडले. मला हे गावाकडच्या पाहुण्यांकडून कळलं. मी भावाला फोनवर नको नको ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाला, "खोटं तू बोललीस अक्का. मी कुठं बोललो?" मेल्याचं खरंच होतं.

दिवाळीत लातूरला गेले. तिसऱ्या मजल्यावर आई दिवस मावळायच्या आत खिडक्या लावून बसायची. आखाड्यावर एकटी राहणारी बाई ती! म्हटलं, आता बास. तिचा हात धरून सांगितलं, "आई, ते ड्रोन नव्हते. उपग्रह होते. मला तव्हाच ठाव होतं. मी खोटं बोलले."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "माझं भ्या जावं म्हणून म्हणायलीस व्हय? नको गं. तू व्हतीस म्हणून वाचले मी. उगी मनाला लावून घेऊ नको."

"आई, तुझी शपथ!"

तशी ती चिडली. "गप बस. तू कव्हा खोटं बोललीस का माझ्याशी?"

आणि उठून तिनं गॅलरीचं दार लावलं, वरची कडीसुद्धा.