कोरड्या खड्ड्याचं रीडिंग

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि वाक्य कुठे थांबवावं हे मला अजून नीट कळत नाही. तरीही लिहायला बसलो, त्याबद्दल वाचणाऱ्यांची आधीच क्षमा मागतो. हे लिहून झालं की मिस्त्रींना वाचून दाखवणार आहे. तोंडी सांगायला दोनदा त्यांच्या घरी गेलो होतो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम केलं. मिस्त्री मोडनिंबचे, मोठमोठ्या एसींच्या जोडणीत केस पिकलेले. सोलापुरात एका तीन मजली कापडदुकानाचं काम होतं. बाहेरची चार युनिटं गच्चीवर बसवायची होती. वायरीला हात लावण्याआधी मिस्त्री खाली जाऊन मेन स्विच बंद करायचे, त्याला स्वतःचं कुलूप घालायचे आणि किल्ली खिशात ठेवायचे. तरीही वर येऊन टेस्टर लावायचेच. "बंद हाय असं दुसऱ्यानं सांगितलं, तर चालू हाय असंच धरायचं," म्हणायचे.

तपासणीचा फॉर्म इंग्रजीत असायचा. तो भरणं माझ्याकडे. "लिव्हा इंजिनेरसाहेब," ते हसायचे, "आमचा पाना चालतोय, तुमचा पेन चालू द्या."

शेवटचं काम अर्थिंगचं. युनिटच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर तो धातूच्या पट्टीवाटे खड्ड्यातून जमिनीत जातो आणि स्विच आपोआप पडतो. जमीन कोरडी असली की त्याला वाट मिळत नाही. मग तो पत्र्यातच राहतो, आणि पत्र्याला हात लावणाऱ्याला बसतो. दुकानामागे अर्थिंगचा जुना खड्डा होता. मिस्त्री म्हणाले, "कोरड्यातच मोजायचं बरं का. पानी वतल्यावर कुटलाबी खड्डा पास हुतोय. जास्त आलं तर दुसरा खड्डा घ्यायचा. वर ती दुकानातली मावशी रोज गच्ची धुती. पत्र्याला हात तिचा लागनार हाय, मालकाचा न्हाय."

एवढं सांगून ते अक्कलकोट रोडच्या कामावर गेले. अर्थिंग मोजायचा मीटर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या हाती दिला होता.

रीडिंग एकोणीस ओहम आलं. हा आकडा जितका मोठा, तितकी करंटची जमिनीत जायची वाट अवघड. हवं होतं पाचच्या आत. मीटरच्या जमिनीत ठोकलेल्या सळया काढून दुसरीकडे ठोकल्या, तरी फरक पडेना.

तेवढ्यात दुकानाचा मॅनेजर येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. "काय इंजिनिअर, झालं का? का उद्या पाहुण्यांच्या हातात विंझणे देऊ?" त्याच्यामागचे दोघे सेल्समन हसले. फरशी फोडून दुसरा खड्डा घ्यावा लागेल, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हणालो, "झालंच सर, अर्धा तास."

ते गेल्यावर मी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालतातच की, अशी मनाची समजूत घातली. मग तिसरी बादली ओतली. रीडिंग चार आलं. फॉर्मवर चार लिहिलं आणि खाली मातीच्या रकान्यात 'ड्राय' लिहिलं. चार हा आकडा मीटरनं तरी दाखवला होता. 'ड्राय' मात्र पूर्णपणे माझं होतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी फॉर्म पाहिला. "एवढ्या उनात चार?"

"हो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. वर मॅनेजरला म्हणाले, "पोरगं शिकलेलं हाय."

कॉलेज सुरू झालं. परीक्षेत अर्थिंगवर प्रश्न आला, मला पूर्ण मार्क पडले. पावसाळाभर मी निवांत होतो, कारण माती ओली होती. थंडी सरली तसा मी त्या दुकानावरून जाताना मान वर करून गच्चीकडे बघू लागलो. खालून काही दिसत नाही. तरी बघायचो, आणि उद्या मिस्त्रींना सांगू म्हणत पुढे जायचो.

मागच्या आठवड्यात आई विड्या देऊन कारखान्यातून आली. तिच्या शेजारी बसून विड्या वळणारी बाई त्या मावशीची सख्खी बहीण निघाली. पदरानं तोंड पुसत आई सांगू लागली.

"त्या कापडदुकानात गच्ची धुती बघ एक बाई, तिला करंट बसला. एसीच्या डब्याला हात लागला आन् पार लांब फेकली गेली. मनगट मोडलंय. जिवानं वाचली, नशीब."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"मालक म्हनतोय, ओल्या हातानं शिवलीसच कशाला? तिबी रडत तेच म्हनती, चूक माजीच हाय. आता घरात बटन दाबायचं म्हनलं तरी चारदा हात पुसती म्हनं." आईनं पिशवी खुंटीला अडकवली आणि माझ्याकडे वळली. "तू शिकलास की ह्यातलं. तूच सांग, तिचीच चूक न्हवं?"