तंजावरच्या तळ्यातली बोट

मोठ्या लॅबमधून शोध बाहेर पडतात, आमच्या छोट्या लॅबमधून किस्से! मी ते चहाला सांगत सुटते, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच, "अगं, लिहून काढ की हे!"

तर आम्ही तंजावरच्या एका कॉलेजात जहाजांवर काम करतो. डिझेल सोडून जहाजं कशावर चालवायची, हा आमचा प्रश्न. आमचे प्रमुख राव सर म्हणणार, "वाऱ्यावर!" त्यांचीच जुनी विद्यार्थिनी सेल्वी म्हणणार, "आणि वारा पडला की वल्ही मारायची का, सर? इंधनच बदलायला पाहिजे!"

हे रोज. डबा उघडल्यापासून तो धुऊन होईपर्यंत.

*

मी मूळची सांगलीची. इंटरव्ह्यूत मी धीर करून विचारलं, "सर, इथे समुद्र कुठंय?"

राव सरांचं घराणं मराठा राजांच्या काळापासून इथलं. ते त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "समुद्र नागपट्टणास आहे. येथें वारा आहे. तो पुरे!"

मग दहा मिनिटं आम्ही मराठीतच बोललो. शेवटी त्यांनी कौतुकानं विचारलं, "तुमची मराठी बरी आहे हो! कोठें शिकलात?"

*

सरांचा रोटर म्हणजे बोटीवर उभं केलेलं एक उंच नळकांडं. बॅटरीवरच्या मोटरनं ते गरागरा फिरवायचं. बाजूनं वारा आला की बोट पुढे निघते. पहिलं मॉडेल आम्ही कालव्यात सोडलं.

काठावर कपडे धुणाऱ्या एका आजींनी तमिळमध्ये विचारलं, "वारा या अंगानं, मग बोट तिकडे कशी चालली?"

सर बोटीमागे धावत होते. म्हणून वाऱ्याची विरोधक सेल्वीच समजवायला बसली. दाबाचा फरक, हवेचा प्रवाह, वाळूत आकृत्या... चांगली पंधरा मिनिटं!

आजींनी लुगडं पिळलं. "म्हणजे स्पिन बॉलिंग ना? मग तसं सांग की!"

आता सरांच्या प्रत्येक लेक्चरची पहिली स्लाइड स्पिन बॉलिंगचीच असते.

*

सेल्वी आधी अमोनियावाली होती. जहाजात अमोनिया जाळा, धूर नाही, कार्बन नाही! एकदा शेजारच्या गावातले शेतकरी कॉलेज बघायला आले. तिनं मोठ्या उत्साहानं त्यांना सगळं सांगितलं. एक काका शांतपणे ऐकत होते.

"अमोनिया म्हणजे ज्याच्यापासून युरिया करतात, तोच ना?"

"हो, तोच!"

"तो सगळा जहाजं पिणार. मग आमच्या भाताला काय?"

सेल्वी चष्मा काढून पुसायला लागली. काकांनाच वाईट वाटलं. "रडू नको, पोरी. पेंढा पडलाय भरपूर. त्याचं काहीतरी कर!"

सेल्वीनं तीन दिवस कोणाशी वाद घातला नाही. चौथ्या दिवशी आली ती पेंढ्यापासून मिथेनॉल हे इंधन करायचं, हे ठरवूनच. सर मला हळूच म्हणाले, "बरें झालें. डबा गोड लागत नव्हता!"

*

शेवटी एकाच बोटीवर सेल्वीचं इंजिन आणि मागच्या बाजूला सरांचा रोटर बसवला. ही बोट अजून चालू आहे, म्हणून पुढचं सांगायला हरकत नाही. सेल्वीच्या मिथेनॉल इंजिनची परीक्षा होती. एक निवृत्त कॅप्टन तपासायला आले होते. त्यांनी नाही म्हटलं तर तिचं काम बंद! गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात कॅप्टन बोटीत बसले, सुकाणू धरायला राव सर. सेल्वी आणि मी काठावर. सेल्वीची नखं खाऊन संपली होती.

तळ्याच्या मध्यावर इंजिनचा आवाज थांबला.

सेल्वीनं डोळेच मिटले. मी बघत होते. कॅप्टन पुढे तोंड करून बसलेले. त्यांच्या पाठीमागे सरांनी हळूच हात लांब केला आणि रोटरचं बटण दाबलं. बोट पुन्हा चालू लागली.

काठाला लागल्यावर कॅप्टन खूश! "इतकं शांत इंजिन मी आयुष्यात पाहिलं नाही!"

"होय," सर म्हणाले. "फार शांत आहे."

सेल्वी पुढे झाली. "नाही, कॅप्टन. इंजिन बंद पडलं होतं. बोट सरांच्या वाऱ्यानं आली."

"अर्धी वाट इंजिनानंच आणली!" सर चिडले.

"अर्धीच! बाकीची तुमची, सर!"

कॅप्टननी वही मिटली. "एक मिनिट. रिपोर्टात कोणाचं नाव लिहू?"

दोघंही एकदम ओरडले.

"त्यांचं!"

"हिचं!"