अर्धा तास पुढे चालणारा सर्व्हर

दोष नानांचा होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही हसून घ्याल आणि शेवटी मलाच म्हणाल, "तू जरा नमतं घ्यायला हवं होतंस." ज्या दुकानात मोठ्या माणसाला 'तुमचं चुकलं' म्हणायची सोय नसते, तिथं चुका दुरुस्त होत नाहीत, त्यांचे किस्से होतात. आमच्याकडे ते असेच साठत गेले.

नाना म्हणजे आमचे मालक. महाडात त्यांची प्रिंटिंग प्रेस, पोलादपुरात एक गाळा. लग्नपत्रिका महाडला टाईप व्हायची, गिऱ्हाईक पोलादपूरच्या गाळ्यात येऊन प्रूफ बघायचं, दुरुस्ती मी करायचो आणि छपाई पुन्हा महाडला. ब्रॉडबँड आल्यावर नानांनी इंटरनेटवर भाड्याची जागा घेतली. महाडच्या सर्व्हरवरची फाईल त्या जागेत चढायची, तिथून माझ्या मशीनवर उतरायची. उलटंही तसंच. एकीकडे बदललं की दुसरीकडे आपोआप बदलणार, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसणार.

निदान व्हायला तरी तसं हवं होतं. नाना म्हणाले, "विज्या, ही फायलींची भानगड दिवाळीपर्यंत निस्तर. पोलादपूरचा गाळा तुझ्या हाती देतो."

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला. गावी कापड्याला माझे वडील, अण्णा, अजून लोकांना 'पोरगा शेवटच्या वर्षाला हाय' असं सांगत होते. तो गाळा मला हवाच होता.

* * *

पहिल्याच आठवड्यात नानांनी विचारलं, "जागा भाड्यानं घेतली ती बघायला कधी जायचं?"

"बघायला जाता येत नाही नाना. ती इंटरनेटवर आहे."

"म्हणजे न बघता घेतली?"

मी हो म्हटलं. नाना म्हणाले, "शेजारी कोण हाय ते तरी विचारून ठेव."

* * *

मग काही फायली महाडहून निघायच्याच नाहीत. प्रोग्रॅम म्हणायचा, नाव फार लांब आहे. मी महाडला फोन लावला. तिथं टायपिंगला रेश्मा होती, माझ्याच वयाची, काम चोख.

"रेश्मा, फाईलला नाव काय देतेस?"

तिनं वाचायला सुरुवात केली. श्री गणेश प्रसन्न, मग चि. अमुक, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, मग चि. सौ. कां. तमुक, तिच्या बापाचं नाव. मी चहा मागवला. ती अजून वाचत होती.

"एवढं कशाला?"

"नाना म्हणतात पूर्ण नाव टाक."

तिनं नानांना फोन दिला. मी म्हटलं, आडनाव आणि महिना टाका, पुरे. नाना भडकले.

"वधूपित्याचं नाव कापू? उद्या तो जाब विचारायला आला तर?"

"नाना, फाईलचं नाव वधूपिता बघत नाही."

"देव बघतो."

यावर कुठल्या कॉलेजात उत्तर शिकवतात मला माहीत नाही. मी रेश्माला सांगितलं, नानांसमोर पूर्ण नाव टाक, ते जेवायला गेले की छोटं कर. त्या दिवसापासून फायली दुपारनंतर यायला लागल्या. नाना सगळ्यांना सांगत, दुपारी लाईन मोकळी असते.

* * *

पोलादपूरच्या गाळ्यात माझ्यासोबत मास्तर असायचे. निवृत्त शिक्षक, प्रूफ तपासायला. ऱ्हस्व-दीर्घ सोडून जगातली कुठलीच चूक त्यांना दिसायची नाही.

एकदा दासगावची माणसं उत्तरकार्याच्या पत्रिकेसाठी आली. असल्या छोट्या पत्रिका आम्ही गाळ्यातच छापायचो. मजकूर महाडहून आला, मास्तरांनी 'दुःखद'चा विसर्ग तपासला, मी प्रिंट द्यायला गेलो तर फाईल नाही. आत्ता होती, आत्ता नाही. रेश्माला सांगून पुन्हा मागवली. आली, आणि डोळ्यांदेखत परत गेली.

घरची माणसं बाकावर बसलेली. मास्तर त्यांच्यासमोरच म्हणाले, "यांचे वडील गेले, आता पत्रिकापण गेली."

मी महाडला फोन केला. नाना शांतपणे म्हणाले, "मी पुसली. असलं पत्र वाचलं की फाडून टाकायचं असतं. दुकानात ठेवत नाय."

"अहो, तिकडे पुसलं की इकडेही पुसतं!"

"मग बरंच हाय की. दोन्ही दुकानं मोकळी झाली."

मी नेटची वायर काढली, सगळा मजकूर हातानं टाईप केला आणि छापून दिला. त्या माणसांनी मला काही म्हटलं नाही. मास्तरांनी मात्र म्हटलं, हल्लीच्या पोरांना पत्रिका जपून ठेवता येत नाहीत.

* * *

खरी डोकेदुखी वेगळीच होती. मी केलेली दुरुस्ती उडायची, जुनाच मजकूर परत यायचा. रोज नाही, कधीतरी. ज्या लग्नाचा हॉल महाडहून पोलादपूरला बदलला होता, त्याच्या पत्रिकांवर महाडचाच हॉल छापून आला. मुलाचे काका गाळ्यात येऊन ओरडले. नाना फोनवर म्हणाले, "अर्धवट शिकलेल्याला बसवलं की असंच व्हायचं." मास्तरांनी मान डोलावली.

मी हट्टाला पेटलो. उडालेली एकेक दुरुस्ती आठवून पाहिली आणि एक गोष्ट लक्षात आली. सावकाश केलेल्या दुरुस्त्या जागेवर होत्या. घाईच्याच उडत होत्या. महाडहून फाईल आली आणि लगेच बदलली की गेली.

एसटी पकडून महाडला गेलो, सर्व्हरसमोर बसलो. स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघितली. मग मोबाईल बघितला. सर्व्हर अर्धा तास पुढे.

"रेश्मा, हे घड्याळ कुणी लावलं?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवरचं घड्याळही अर्धा तास पुढे. माणसं वेळेवर यावीत म्हणून नाना दुकानाचं घड्याळ पुढे ठेवत. सगळ्यांना ते माहीत होतं, सगळे मनात अर्धा तास वजा करून उशिराच येत. नानांनी कंप्युटरलाही तीच शिस्त लावली होती. प्रोग्रॅम ज्या फाईलची वेळ पुढची तिला ताजी समजायचा, आणि महाडची शिळी फाईल माझ्या दुरुस्तीवर बसायची. वजा करायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी वेळ बरोबर केली. पुढचे चार दिवस एक दुरुस्ती उडाली नाही. पाचव्या दिवशी उडाली. नानांनी 'मागे पडलेला' सर्व्हर पुन्हा पुढे केला होता.

* * *

तेवढ्यात हॉलवाल्या लग्नातले काका नव्या पत्रिका न्यायला महाडला आले. मी घड्याळ बघायला पुन्हा तिथंच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "चूक कुणाची होती?"

मी म्हटलं, "त्या घड्याळाची. नानांनी लावलेल्या."

नाना उठले. "विज्या, माझं माप काढ. गिऱ्हाईकासमोर दुकानाचं घड्याळ काढू नकोस."

मी पाठ असल्यासारखं सगळं समजावून सांगितलं. इकडे अर्धा तास पुढे, तिकडे बरोबर, म्हणून गोंधळ. दोन्हीकडे वेळ सारखी हवी. काकांना पटलं. नानांनाही पटलं असावं, कारण त्यांनी फोन उचलला आणि पोलादपूरला लावला.

"मास्तर, तुमचं मशीन अर्धा तास पुढे करा."

त्यानंतर एकही दुरुस्ती उडाली नाही.

नाना फोन ठेवून काकांना म्हणाले, "बघा, पोराला इतके दिवस जमलं नाय." कापड्याला अण्णांनाही त्यांनी तेच सांगितलं, आणि मी डिप्लोमा सोडल्याचंही.

गाळा मास्तरांच्या भाच्याला मिळाला. माझी नोकरी गेली, आणि अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले.