मधला बॉल

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी कुणी हळू बोलत नाही. खाली पॉवरलूम, वर आम्ही. माग चालू असले की जेवायला बोलवायचं तरी छाती भरून ओरडावं लागतं, आणि माग थांबले तरी ती सवय थांबत नाही. माझा थोरला चुलत भाऊ, ज्याला सगळी गल्ली अण्णा म्हणते, तो तर फोनवर असा बोलतो की मधे फोन कशाला धरलाय असं वाटावं.

तोच आवाज घेऊन तो टेनिस खेळायचा. क्लबात बॉल उचलायला गेलेला अण्णा बघून बघून खेळायला शिकला, मग शिकवायला लागला, आणि माझ्या हातात रॅकेट दिली तीही त्यानंच. आम्ही जोडीनं खेळायचो. तो उजवीकडं, मी डावीकडं. दोघांच्या मधून येणारा बॉल खरं तर माझा, कारण तो माझ्या फोरहँडला यायचा. पण थोरला शेजारी उभा असताना धाकट्यानं पुढं व्हायचं नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं. म्हणून ते अण्णा ठरवायचा. "माझा!" म्हणून ओरडला की मी अंग चोरायचो. "घे!" म्हणाला की मारायचो. मला स्वतः ठरवायची वेळच कधी आली नाही.

गेल्या हिवाळ्यात बेळगावात व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरली. पुरुष दुहेरीत एक जागा गावच्या जोडीसाठी ठेवली होती, ती आम्हाला मिळाली. पहिली मॅच जिंकली असती तर जागतिक क्रमवारीत दोघांची नावं लागणार होती. अगदी तळाला, पण लागणार होती. मी घरातला पहिला पदवीधर, उद्यमबागेतल्या कारखान्यात खुर्चीवरची नोकरी. माझं नाव डिग्रीवर छापून झालेलं. अण्णाचं नाव लग्नपत्रिकेच्या पलीकडं कुठं छापून आलेलं नाही. चाळिशीला टेकलेला, गुडघा कुरकुरणारा. "एकदा नाव लागू दे रं," तो म्हणायचा, "मग मी गप पोरास्नी शिकवत बसतो."

त्या आठवड्यात त्याच्या वतीनं सगळीकडं मीच बोललो. नाव नोंदवायला मी, कोर्ट कुठलं विचारायला मी. अण्णा मागं हात बांधून उभा. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

मॅचला काकी, म्हणजे अण्णाची आई, गल्लीतल्या बायकांना घेऊन आली होती. अण्णाची क्लबातली पोरंही कठड्याला लोंबकळत होती. समोरची जोडी तरणी, उंच. पहिला सेट त्यांनी घेतला. दुसऱ्यात त्यांचा एक बॉल रेषेच्या चांगला बाहेर पडला आणि पंच काही बोलेना. अण्णा तरातरा त्याच्या उंच खुर्चीपाशी गेला.

"ओ सायेब! आउट हुता की! डोळं हाईत का बटनं?"

पंचाला मराठी येत नव्हतं, पण स्टँडमधल्या सगळ्यांना येत होतं. हशा पिकला. अण्णाची पोरंही हसली. आणि मला लाज वाटली. त्याची.

"अण्णा, तू गप बस," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "कळत न्हाय तिथं तोंड घालू नको. मी बोलतो."

मग मी पंचाशी इंग्रजीत बोललो. चांगलं बोललो. निकाल काही बदलला नाही. माझं इंग्रजी गल्लीनं ऐकलं, एवढंच झालं. परत आलो तर अण्णा म्हणाला, "बरं." हळू म्हणाला.

तो सेट आम्ही कसाबसा काढला. तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा टायब्रेक असतो. त्यात आम्ही नवावर पोचलो, ते आठावर. एक गुण, की अण्णाचं नाव लागलं. काकी पदर तोंडात धरून उभी.

बॉल आला तो दोघांच्या बरोबर मधून. फार जोरातही नव्हता. मी रॅकेट मागं नेली आणि थांबलो. अण्णाच्या आवाजासाठी थांबलो. आवाज आला नाही. मी त्याच्याकडं बघितलं, तो माझ्याकडं बघत होता. बॉल आमच्या मधून निवांत गेला, पाहुण्यासारखा.

पुढचे दोन्ही गुण त्यांनी घेतले.

सामान भरताना मी विचारलं, "तू वरडला का न्हाईस?"

"तूच म्हणालास की, गप बस." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बुटाची नाडी सोडत होता. "म्हटलं, आता तू ठरवशील."

घरी काकीनं विचारलं तेव्हा अण्णा म्हणाला, "माझा बॉल हुता. सुटला."

"न्हाय काकी, माझा हुता," मी म्हणालो. "मीच त्याला गप केलतं, आणि मीच सोडला."

काकीनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "असू दे रं. शिकलेलं लेकरू, भावाला सांभाळून घेतंय बघा." शेजारच्या आक्कानंही मान हलवली. मी पुन्हा सांगितलं, दोनदा सांगितलं. जितकं सांगावं तितका मी मोठा होत गेलो आणि अण्णा म्हातारा. आता गल्लीत तीच गोष्ट चालते: थोरल्याचे पाय हलेनात, नाहीतर धाकट्यानं मॅच काढली होती. अण्णा ती ऐकतो आणि "व्हय" म्हणतो.

परवा क्लबाचे एक पदाधिकारी भेटले. पुढच्या खेपेलाही गावच्या जोडीला जागा मिळेल म्हणाले. "तुमचा खेळ छान आहे. फक्त जोडीदार जरा तरणा बघा."

अण्णा दोन कोर्टं पलीकडं पोरांना सर्व्हिस शिकवत होता. एरवी त्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. त्या दिवशी तो हातानंच खुणा करत होता.

अण्णाशिवाय मी खेळणार नाही, एवढं एक वाक्य होतं. ते मराठीत, कानडीत, इंग्रजीत, कशातही मला म्हणता आलं असतं.

मी म्हणालो, "बघतो."