हबशी राजा आमच्या ओटीवर जिंकत होता

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की सासरे वकील आहेत आणि विहिरीला बारमाही पाणी आहे. सासरे साऱ्या जगाचा कारभार पाहतात, हे कुणी बोललं नव्हतं. आमचे हे मुंबईला एका कचेरीत नोकरीला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तेव्हा घरात मी, मामंजी, आणि संध्याकाळी ओटीवर जमणारी बैठक.

मामंजींची वकिली जवळजवळ सुटली होती, पण आवाज सुटला नव्हता. मुंबईचं वर्तमानपत्र एरवी आगबोटीने येई, पावसाळ्यात घाटावरून मोटारीने, ओलंचिंब होऊन. ते मामंजी मोठ्याने वाचत आणि दहापाच माणसं मान डोलवत ऐकत. त्यांतले दोघे कायमचे. एक निवृत्त मामलेदार, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत. उभ्या हयातीत ते आपल्या सरकारविरुद्ध एक शब्द बोलले नव्हते आणि पेन्शन चालू असेतो बोलणारही नव्हते. दुसऱ्यांच्या सरकारांची मात्र त्यांना काडीची भीती नव्हती. दुसरे मूळ पूर्णगडचे एक नाखवा. त्यांची दोन गलबतं होती आणि भाऊ एडनकडच्या एका आगबोटीवर होता. त्यामुळे समुद्रापलीकडच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानत. भाऊ बोटीवर कोळसा ओढतो, त्याला बंदरावरसुद्धा क्वचित उतरू देतात, ही गोष्ट कुणी आड येऊ देत नसे.

इटलीने आफ्रिकेतल्या हबशांच्या मुलखावर स्वारी केली तेव्हा पहिले काही दिवस बैठकीत जरा गोंधळ उडाला. आमच्याकडे जंजिऱ्याच्या बाजूला हबसाण म्हणतात. एका गृहस्थांची बहीण मुरूडला दिलेली. "तिला घेऊन येऊ का?" म्हणून ते विचारायला आले. मामंजींनी त्यांना नकाशा दाखवून शांत केलं. एकदा लढाई लांब आहे असं कळल्यावर सगळ्यांना भलताच चेव चढला.

हबशी राजाला आमच्या ओटीवर पहिल्या दिवसापासून बहुमत होतं. काळा राजा गोऱ्या फौजेला पाणी पाजतोय, एवढं ऐकायला मिळालं की मंडळींचे चेहरे फुलत. गोऱ्या कलेक्टरापुढे जोडे काढून उभी राहिलेली हीच मंडळी. आणि बातम्याही काय एकेक! आज खिंडीत गाठले, उद्या तोफा पळवल्या. नाखवा त्यात भर घालत, "जर्मन लोकांनी गुपचूप विमानं दिलीयत, माझ्या भावाने डोळ्यांनी पाहिलीयत." विमानं त्या भावाने कुठे पाहिली, हे विचारणं म्हणजे नाखवांचा अपमान.

शिळं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी फडताळात अंथरायला माझ्याकडे येई. मी माहेरी मराठी सहावीपर्यंत शिकलेली. अंथरण्याआधी वाचायची खोड होती. एकदा पाहते तर आदल्या संध्याकाळच्या विजयाचा त्यात मागमूस नाही. हबशी मागे हटतायत, इटलीवाले वरून विमानांतून विषारी वायू सोडतायत, माणसं होरपळतायत. मी आणखी दोन दिवसांचे कागद काढले. तिथेही तेच.

दुपारी मामंजी झोपाळ्यावर एकटे होते. मी म्हटलं, "मामंजी, पेपरात निराळंच आहे."

"काय आहे?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "दिवाळीपासून मला अक्षरं दिसत नाहीत गो. नुसत्या मुंग्या दिसतात."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"आधी थोडं दिसायचं, थोडं मी जुळवायचो. एक दिवस चुकून हबशी जिंकले. तेव्हा तू बैठक बघायला हवी होतीस! रावसाहेब काठी न टेकता पायऱ्या उतरले."

"पण खरं काय ते सांगायला नको का?"

"सांगू की. एकदम नको. हळूहळू हरवू राजाला."

त्या दिवसापासून मी दुपारी पेपर वाचायची आणि त्यातलं संध्याकाळी काय घडवायचं ते मामंजी ठरवायचे. मोठमोठ्या देशांतही कारभार असाच चालतो असं पुढे ऐकलं. फक्त तिथल्या चिटणिसाला पगार असतो, आणि त्याला मध्येच उठून भात उतरवावा लागत नाही. विषारी वायूची बातमी मामंजींनी दोनदा वाचायला लावली, आणि बैठकीत एकदाही काढली नाही.

हळूहळू हरवायचं मात्र राहूनच गेलं. उन्हाळ्यात राजधानी पडली, राजा देश सोडून गेला, आणि ही बातमी आगबोटीच्या उतारूंनी परस्पर गावात आणली. संध्याकाळी ओटीवर कधी नव्हे एवढी माणसं. मी दाराआड उभी.

रावसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, हे काय ऐकतोय आम्ही? राजा पळाला?"

मामंजींनी पानाला चुना लावला. "पन्हाळ्याहून विशाळगड गाठणं म्हणजे पळणं का, रावसाहेब?"

मग नाखवा मांडीवर थाप मारून म्हणाले, "मी म्हटलंच होतं!" ते काहीच म्हणाले नव्हते. पण सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतके महिने आपण काय ऐकत होतो, असं एकानेही विचारलं नाही. उलट बोलणं भलतीकडेच गेलं. गोरे लोक हरलेला राजा रत्नागिरीला आणून ठेवतात, हा आमच्या गावाचा अनुभव. ब्रह्मदेशच्या राजाची उरलेली हयात इथेच गेली. तेव्हा हबशी राजालाही टेकडीवरच्या त्याच वाड्यात ठेवणार असं ठरलं आणि त्याचे घोडे कुठे बांधायचे, यावर रावसाहेबांचा आणि दुसऱ्या एकाचा कडाक्याचा वाद झाला.

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा बैठकीने एकमुखाने मामंजींना उभं केलं. ज्याला जगाचं एवढं कळतं त्याला आमचं गटार कळणार नाही? समोर बाजारपेठेतल्या चहाच्या हॉटेलाचा मालक होता. तोही गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवायचा. पण त्याचा आवाज चिरका, म्हणून त्याच्यावर भल्या माणसांचा विश्वास नव्हता.

मधल्या काळात ह्यांनी रजा काढून मामंजींना मिरजेला नेलं आणि डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. जाड भिंगांचा चष्मा लावून मामंजी परत आले, आणि आल्या संध्याकाळी त्यांनी पेपर उघडून जे छापलं होतं ते वाचलं. हबशांचा देश इटलीने गिळला. जिनिव्हातल्या राष्ट्रांच्या पंचायतीने आधी निषेध केला होता, आता इटलीवर घातलेली व्यापारबंदीची शिक्षाही मागे घेतली. राजा विलायतेत भाड्याच्या घरात राहतो, रत्नागिरीला येत नाही.

"उजाडलं एकदाचं," मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माणसं कमी आली, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. रावसाहेबांना वारा बाधू लागला. गावात बोलणं सुरू झालं, की मिरजेच्या डॉक्टरने डोळ्यांबरोबर वकीलसाहेबांची अक्कलही काढली. एकट्या नाखवांनी तोंडावर सांगितलं, "वकीलसाहेब, पूर्वी तुमच्याकडून जाताना छाती भरून यायची. आता घरी गेल्यावर जेवण जात नाही. अशा माणसावर भरवसा ठेवायचा कसा?"

"पण नाखवा, आता मी खरं वाचतोय."

"तेच म्हणतो मी. पूर्वी असं नव्हतं."

हॉटेलवाल्याकडे, म्हणे, हबशी राजा विलायतेत फौज जमवत होता. चिरक्या आवाजाबद्दल आता कुणाची तक्रार नव्हती.

मतदानाच्या दिवशी मीही गेले. बायकांना मत असलं तरी ते कुणाला द्यायचं हे घरचे पुरुष सांगत. मामंजींनी मला काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "ऊन फार आहे, छत्री घेतलीस ना?" मी त्यांच्याच नावापुढे फुली मारली. ओटीवर येऊन "मत तुम्हालाच" म्हणणाऱ्यांची जरी सगळी मतं मिळाली असती, तरी मामंजी आरामात निवडून आले असते. हॉटेलवाला दणदणीत जिंकला. रावसाहेब त्याच्या मिरवणुकीत पुढे होते. त्या दिवशी वारा नसावा.

मामंजी आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. सकाळी चष्मा पुसायचे, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचायचे आणि घडी घालून माझ्याकडे द्यायचे. ओटी रिकामी. मला फार वाईट वाटायचं. त्यांच्या आवडीची आंबोळी केली तरी अर्धी पानात राहायची.

मग एका संध्याकाळी ते कोट घालून बाहेर पडले आणि चांगले खुशीत परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "रोज कुठे जाता?"

"बाजारात. त्याच्या हॉटेलात बसतो जरा. पेपर ऐकतो."

"मामंजी! सकाळी तुम्ही तोच पेपर वाचता ना? तो सगळं खोटं सांगतो."

"सगळं," मामंजी चप्पल काढत म्हणाले. "पण आज काय गाठले गो त्यांना, खिंडीत!"