सतरा नावं, एक तिकीट

तर सहलीच्या यादीत सतरा नावं झाली. काल मी सोळा म्हणालो असेन, ती माझी चूक. सतरावं नाव माझंच होतं, आणि ते माझ्या बायकोनं, हेदविकानं, मला न विचारता लिहून टाकलं होतं. आमच्या घरात माझं नाव कुठेही लिहायचं असेल तर हेदविकाच लिहिते.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. द्राहोमीरा शेबेस्तोवा ही आमची शेजारीण. आमच्या परसात आणि तिच्या परसात एक कुंपण आहे, तेही निम्मं मोडलेलं. एकतीस वर्षं तिनं गावच्या शाळेत स्वयंपाक केला. गावात पन्नाशीच्या आतला एकही माणूस असा नाही, की ज्यानं तिच्या पळीतलं सूप प्यायलेलं नाही. शाळेतून निवृत्त झाली तर घरी सासू अंथरुणाला खिळलेली. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि ह्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवाव्या वर्षी सासूनंही निरोप घेतला. नोव्हेंबर उजाडला, द्राक्षमळ्यातली कामं आटोपली, आणि एका सोमवारी द्राहोमीरा गावच्या कचेरीत गेली. तिथल्या राद्मिलाला म्हणाली, "बाळ, मला कॉम्प्युटरवरून एक तिकीट काढून दे. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी व्हिएन्ना, रविवारी परत."

राद्मिला मुलगी सोन्यासारखी, फक्त तिला दुसऱ्याचं एकटेपण बघवत नाही. तिनं तिकीट काढून दिलं, आणि दहा वाजता कचेरीतल्या माइकसमोर जाऊन बसली. आमच्याकडे खांबाखांबावर भोंगे आहेत. आधी बँडची तबकडी वाजते, मग बातमी येते: पाणी कधी जाणार, कोंबड्यांची गाडी कधी येणार, कोण वारलं. त्या दिवशी पोल्काची धून संपली आणि राद्मिलाचा गोड आवाज आला, "लक्ष द्या. श्रीमती शेबेस्तोवा पुढच्या शुक्रवारी दोन दिवसांसाठी व्हिएन्नाला निघाल्या आहेत. ज्यांना सोबत जायचं असेल त्यांनी कचेरीत नाव द्यावं. पुन्हा सांगते."

पुन्हा सांगितलंही.

द्राहोमीरा त्या वेळी खिडकीत गाद्या वाळत घालत होती. तिनं भोंग्याकडे असं पाहिलं, जसं ताटातला सॉसेज पळवणाऱ्या कुत्र्याकडे पाहावं. मग कुंपणापाशी आली.

"आजोबा, ऐकलंत?"

"ऐकलं. संध्याकाळपर्यंत बस भरेल तुझी."

"मला बस नकोय. मला एकटीला जायचंय." जरा थांबली, गादीवर एक धपाटा घातला. "एकोणिसाव्या वर्षी ह्या घरात आले. तेव्हापासून सकाळी डोळा उघडला की कुणीतरी विचारतं, आज जेवायला काय. दोन दिवस, फक्त दोन दिवस, कुणी विचारू नये एवढंच हवंय."

"मग सांग की तसं सगळ्यांना."

"काय सांगू? मला एकटीला जायचंय म्हटलं तर गाव म्हणणार, बाई आजारी आहे, नाहीतर तिथे कुणी पुरुष ठेवलाय. आणि मग सोबतीला दुप्पट माणसं येतील."

हे मात्र खरं होतं. म्हणून मी तोंड मिटून राहायचं कबूल केलं. माझ्या आठवणीत मी असं हे एकदाच केलं असेल.

आता ही बाई नाही म्हणू शकत नव्हती, म्हणून लोक आपणहून गळावेत असा कार्यक्रम तिनं आखायला घेतला. दोन दिवस टेबलाशी बसून वहीचं पान लिहिलं आणि बुधवारी राद्मिलाकडून भोंग्यावर वाचून घेतलं. शनिवारी पहाटे पाचला उठणे. दोन तास पायी चालणे. नंतर दिवसभर व्हिएन्नाची मोठी दफनभूमी, प्रत्येक भाग, एकही न सोडता.

मी कुंपणाशी उभा राहून हसत होतो. तिनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "द्राहा, तू शाळेत मुलांना ओळखलंस, मोठ्यांना नाही. पाचला उठायला कोण घाबरतो इथे? आणि दफनभूमी म्हणतेस? आमच्या बायका थडगी घासायला जाताना सणाला जावं तसा नवा कोट घालतात."

झालंही तसंच. अलोईस, आमच्या अग्निशमन दलाचा कप्तान, वाटेत थांबून म्हणाला, "पाच म्हणजे जरा उशीरच की, द्राहोमीरा. पण चालेल, सुटीच आहे." आणि तीन विधवा जाऊन नाव नोंदवून आल्या. शिवाय दोघी पाठोपाठ, पहिल्या तिघी जातायत म्हणून. सतराचे बावीस झाले.

"दात काढू नका, आजोबा," ती म्हणाली.

"माझे आहेत कुठे काढायला."

त्या रागात ती आत गेली आणि मला वाटतं तेव्हाच तिला सुचलं. शेवटी ती स्वयंपाकीण. कोण ताटात काय ठेवतो, कोण काय आधी खातो, हे तिच्याइतकं पाद्रीबाबांनाही ठाऊक नसेल. गावातल्या लोकांना व्हिएन्ना नको होती. त्यांना गाडी सुटल्यावर दहा मिनिटांत उघडायचा डबा हवा होता: डुकराच्या मांसाचे, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले, द्राहोमीराच्या हातचे काप. आणि सोबत आपापल्या तळघरातली वाइन.

शुक्रवारी भोंगा वाजला. "सहलीला येणाऱ्यांसाठी सूचना. घरचं खाणं सोबत नेलं जाणार नाही. घरची वाइनही नाही. खायचं-प्यायचं ते सगळं व्हिएन्नातलंच. पुन्हा सांगते."

पुन्हा सांगायच्या आधीच अलोईस तिच्या दारात होता. मी काही कान देऊन ऐकत नव्हतो, पण त्याचा आवाज आग विझवायचा आहे.

"वाइन न्यायची नाही म्हणजे काय?"

"नाही न्यायची."

"मग मी त्यांची पिऊ? माझ्या आजानं लावलेल्या मळ्यात मी उभा राहतो, आणि मी त्यांची पिऊ? त्यांचे मळे तर सीमेच्या मैलभर पलीकडे, तीच माती."

"तीच माती असेल तर चव तीच असेल."

"तोंड सांभाळ, द्राहोमीरा." मग आवाज खाली आला. "आणि काप?"

"कापही नाहीत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग व्हिएन्नाला जायचं कशाला?" असं म्हणून तो खरोखरच दुःखी होऊन गेला. त्याच्या मागे आणखी बारा जण यादीतून गेले. राहिले नऊ.

सोमवारी तिनं शेवटचा वार केला. एका खोलीत चार जण, कोण कुणाच्या खोलीत ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, आणि बदली मिळणार नाही. आता ह्यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. त्या नऊ जणांत व्लास्ता होती. व्लास्ता म्हणजे द्राहोमीराची नणंद, गावाच्या खालच्या टोकाला राहते. तिला झोपेत बोलायची सवय नाही. झोपायच्या आधी बोलते. एकदा आमच्या हेदविकाबरोबर इस्पितळाच्या एका खोलीत होती, तर हेदविका दोन दिवस लवकर घरी आली.

कुणाची सून बाळंत होणार होती, कुणाला सर्दी झाली, कुणाला अचानक आठवलं की बोकड आजारी आहे. हेदविकानं आमची दोन्ही नावं खोडली आणि मला घरी येऊन सांगितलं की मला व्हिएन्नाला जायची इच्छा नाही. मी म्हटलं बरं.

आणि मंगळवारी यादीत एकच नाव उरलं.

व्लास्ता स्वतः सांगायला आली. "वहिनी, बरं झालं बघ, गर्दी गेली. आता आपण दोघीच. मी तर दफनभूमीसाठी बूटसुद्धा काढून ठेवलेत. खाणं तिथलं चालेल मला, वाइन मी पीत नाही, आणि खोलीत आपण दोघीच, म्हणजे गप्पा."

ती गेल्यावर द्राहोमीरा कुंपणाशी आली. ह्या सगळ्या दिवसांत तिचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाली, "हरले, आजोबा. हिला सगळंच आवडतं."

मी तरी काय सांगणार? मी म्हटलं, हिला काय आवडत नाही ते शोधू नकोस, काय हवंय ते शोध. म्हणजे तसं मी म्हणालो असेन. हेदविका म्हणते मी फक्त "हं" म्हणालो.

गुरुवारी मी अक्रोड द्यायच्या निमित्तानं तिच्या स्वयंपाकघरात होतो. व्लास्ता सामानाचं विचारायला आली. द्राहोमीरानं टेबलावर एक किल्ली ठेवली, घराची, आणि शेजारी धुतलेला ॲप्रन.

"रविवारी अकरा माणसं जेवायला येतात," ती म्हणाली. "तिन्ही मुलं, सुना, पोरं. मी नसले तर थोरलीकडे जातील. ती पाकिटातलं सूप करते."

"पाकिटातलं?" व्लास्ता म्हणाली. "आमच्या घरातल्या माणसांना?"

"तू केलंस तर इथेच जेवतील."

आता हे घर म्हणजे व्लास्ताच्या आईचं. त्याच चुलीशी ती वाढली. सून घरात आली तशी आईनं चूल सुनेच्या हाती दिली, आणि तेव्हापासून व्लास्ता दर रविवारी त्या टेबलाशी पाहुणी म्हणून बसत होती. पहिला घास खायची, मिठाची बाटली उचलायची आणि म्हणायची, आईच्या हातचं असं नव्हतं. चाळीस वर्षांहून जास्त. त्या पळीला तिनं हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता, आणि द्राहोमीरानं लावू दिलेलाही नाही.

व्लास्तानं ॲप्रनकडे पाहिलं, किल्लीकडे नाही. "कलेजीचे गोळे घालून करीन," ती हळूच म्हणाली. "आई घालायची."

"घाल."

"तू लसूण कमी घालतेस."

"तू जास्त घाल."

"आणि रविवारी येऊन म्हणशील, मीठ जास्त झालं."

"मी व्हिएन्नाला असेन. मला कसं कळणार?"

व्लास्तानं ॲप्रन उचलून अंगाला लावून पाहिला. मग किल्ली ॲप्रनच्या खिशात घातली आणि म्हणाली, "तुला एकटीला जमेल ना गं?"

ती गेल्यावर द्राहोमीरा त्याच जागी उभी राहिली. चुलीवर हात ठेवून म्हणाली, "आता ही मला परत देईल की नाही, देव जाणे." आणि हसली नाही. तेव्हा मला कळलं, एकवीस जणांना तिनं हुलकावणी दिली होती, पण ह्या एकीला तिनं खरं काहीतरी दिलं होतं.

शुक्रवारी बसथांब्यावर निम्मं गाव. सगळ्यांना वाटत होतं, आपण हिला ऐन वेळी एकटीला सोडलं. अलोईसनं तिची बॅग उचलली, म्हणाला, "आम्ही वाईट वागलो, द्राहोमीरा." राद्मिला तर रडतच होती. आणि द्राहोमीरानं असं बिचारं तोंड केलं होतं, की मला पाठ फिरवून खोकावं लागलं.

रविवारी संध्याकाळी परत आली. सोमवारी सगळे विचारत होते, काय पाहिलंस. अलोईसला तिनं सांगितलं, अग्निशमन दलाची जुनी गाडी. पाद्रीबाबांना सांगितलं, मोठं चर्च, आत दोनदा जाऊन आले. दफनभूमीवाल्या विधवांना थडग्यांवरच्या फुलांचे रंगसुद्धा सांगितले. व्लास्ताला काहीच सांगितलं नाही, कारण व्लास्तानं विचारलंच नाही. ती बुधवारपर्यंत द्राहोमीराकडे भांडी घासत होती, आणि अकरा माणसांनी दुसऱ्यांदा सूप मागितलं हे प्रत्येकाला सांगत होती. बुधवारी दुपारी तिनं किल्ली टेबलावर ठेवली. ॲप्रन मात्र घेऊन गेली.

मग मी कुंपणाशी गेलो. म्हटलं, "द्राहा, ह्या सगळ्यांना सांग हवं ते, पण मला खरं सांग. दोन दिवसांत काय केलंस?"

तिनं मागे वळून पाहिलं, आमच्या खिडकीत हेदविका आहे का म्हणून. आणि म्हणाली:

"शनिवारी हॉटेलात नऊ वाजेपर्यंत झोपले, आजोबा. खाली गेले तर कुणीतरी माझ्यासाठी अंडं उकडून ठेवलं होतं. फोडलं, तर आतून कच्चं. माझ्या शाळेत असं अंडं ताटात गेलं असतं तर मी पातेलं फेकलं असतं. पण तिथे पातेलं माझं नव्हतं. रुमाल मांडीवर घेतला आणि सगळं खाल्लं. रविवारीही तसंच होतं, तेही खाल्लं."