कबरस्तानातली भिंत अन् दोन कुलपं

"मिस्त्री, कागदावर आहे तशीच भिंत पाह्यजे. एक इंच इकडं नाई, तिकडं नाई," शमुवेल मास्तर म्हणाले.

"एक इंचबी नाई," दावीदभाऊ म्हणाले.

आठ वर्षांत या दोघांचं एकमत झालं, ते एवढ्याच गोष्टीवर.

मी गवंडी. चाळीस वर्षं भिंती बांधल्या, पण कबरस्तानाच्या मधातून जाऊन मेलेल्यांची वाटणी करणारी ही पहिलीच. कारंजाकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी अन् मंडळ्या दोन. मंडळी म्हणजे एका चर्चचे लोक. जुनी मंडळी दावीदभाऊंची, नवी शमुवेल मास्तरांची. फुटलो तेव्हा कारण सांगितलं पाळक बदलायचं. खरं कारण सगळ्यांले ठाऊक आहे. कोणाचे आजे वरच्या वाड्यातले, कोणाचे खालच्या. बाप्तिस्म्याले तीन पिढ्या झाल्या, पण वाडा काही धुतल्या गेला नाही.

मी जुनीतला, बायको मार्था नवीतली. रविवारी घरून सोबत निघायचो अन् पाण्याच्या टाकीपाशी वेगळे व्हायचो. आधी घरी येईल त्यानं चहा मांडायचा. मागच्या वर्षी ती गेली. आता रविवारी चहा मीच मांडतो. दोन कप होतो, सवयीनं.

आमच्याकडं नवराबायकोतलं एक गेलं की शेजारची जागा दुसऱ्यासाठी सोडतात. मार्थाच्या डाव्या हाताची जागा माझी. कागद पाह्यला तवाच मले धास्ती वाटली, भिंत तिथूनच जाते का काय. म्हणून काम घेतलं. दुसऱ्या मिस्त्रीनं गुपचूप खोदून टाकलं असतं.

कामरगावहून विटांची ट्रॉली आली. काम सुरू करायच्या आधी प्रार्थना झाली. दोघांनी वेगवेगळी केली. एकाच बापाकडं दोन अर्ज.

मग मी सूतदोरी काढली. भिंतीची लाईन आधी दोरीनं धरतात अन् तिच्यावर फक्की टाकतात. फक्की म्हणजे पांढरी भुकटी. पाया खोदायचा तो त्याच रेघेवर. दोरी धराले माझे दोन मजूर होते. त्यायले मुद्दाम पाणी आणाले पाठवलं.

"मास्तर, हे टोक धरा. दावीदभाऊ, तुमी ते."

आठ वर्षं न बोललेले दोघं एका दोरीच्या दोन टोकांले उभे राह्यले. दोरी ढिली पडली. मी मधात बसून तंबाखू चोळत होतो.

"ताण नं!" दावीदभाऊ ओरडले.

"तूच झोल देऊन राह्यला!"

बोलणं झालं एकदाचं. लाईन ताठ झाली. फक्की टाकली त रेघ दावीदभाऊंच्या बापाच्या पायावरून गेली.

"अबे, हे काय? तिकडं सरकव!"

दोन हात सरकवली. रेघ मास्तरांच्या मावशीच्या डोक्यावर आली.

"मिस्त्री, इथं थोडी वाकडी घे," मास्तर म्हणाले.

"वाकडी भिंत पावसात झोपते, मास्तर. मावशीच्याच अंगावर."

पुन्हा सरकवली. दुपारपर्यंत तेच. जुने सारे एकमेकांत पुरलेले. तेव्हा मंडळी एकच होती, कोणी वाडा विचारून खड्डा खोदला नव्हता. शेवटी एक सरळ लाईन मोकळी सापडली. दोघांचेही चेहरे उजळले.

"इथं कोणीच नाई!" दावीदभाऊ म्हणाले.

"आहे," मी म्हणालो. "मी आहे. अजून आलो नाई, एवढंच."

त्यायनं बाजूचा दगड पाह्यला. मार्थाचं नाव वाचलं. दोरी दोघांच्याही हातातून खाली आली.

"भिंत बांधतो मी," म्हटलं. "फक्त मले कुठं पुरता ते लिहून द्या. दोघंबी सही करा. जुनीकडं टाकलं त बायको भिंतीपल्याड. नवीकडं टाकाले मी तुमचा मेंबर नाई. अन् इथंच टाकाचं असन त पाया मलेच धरा. मजबूत आहे."

मास्तर हसले नाहीत. डोळे पुसाले लागले. मार्था त्यायची लांबची बहीण लागे.

"मंग या विटा कायले आणल्या?" दावीदभाऊ हळूच म्हणाले.

"रस्त्याच्या बाजूनं उघडं आहे. तुमच्या बापाच्या उशाले बकऱ्या चरतात. त्यायच्यासाठी बांधा भिंत."

पंधरा दिवसांत रस्त्याकडची भिंत झाली. मधात गेट बसवलं. तिथं पुन्हा भांडण, कुलूप कोणाचं? मी म्हटलं, दोघंबी लावा. वेल्डरकडून एकाच कडीले दोन भोकं पाडून घेतली. दोघं खूश. आपापलं कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली अन् घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यायच्या ध्यानात आलं. एक कुलूप उघडून गेट उघडत नाही. मयत कोणाचीही असो, दोघांले यावं लागते. आता येतात. एक दुसऱ्याले म्हणते, "लवकर काढ नं बे," अन् मयतीच्या मागं दोन्ही मंडळ्या आत जातात.

चर्च अजून दोनच आहेत. माझ्यानं तेवढंच झालं.

कडी काढून साखळी लावली अन् कुलपं एकमेकांत अडकवली, त कोणतंबी एक काढून गेट उघडन; मले दहा मिनिटं लागतील. दोघांनीही तीनदा सांगितलं. मी म्हणतो, गुडघे दुखतात. मार्थाकडं जाचं असलं की मलेही दोघांले घरून उठवून आणावं लागते. शिव्या देत येतात. पण येतात. भिंतीचं काम घेणाऱ्यानं कडीवरही नजर ठेवावी, एवढं मी शिकलो.